खिशांचा तक्ता : 'देअर इज – देअर आर' शिकवतानाच्या नोंदी

सेलू तालुक्यातल्या आमच्या गावी समाजमंदिरात संध्याकाळी सहावी ते आठवीच्या पोरांचा अभ्यासवर्ग चालतो. सगळी मराठी माध्यमाची. राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, त्यामुळे सातवीतल्या पोरीने सहा वर्षं तरी इंग्रजीचं पुस्तक हाताळलेलं असतं. तरीही 'गोठ्यात दोन बैल आहेत' हे इंग्रजीत सांग म्हटलं की गाडी अडते. यंदाचा पावसाळा या एकाच रचनेला द्यायचा ठरवला : देअर इज, देअर आर. आसपासच्या गावांत वर्ग घेणाऱ्या दोघीतिघींनी साहित्य कसं केलं, खर्च किती आला, काय फसलं हे विचारलंय, म्हणून तारीखवार लिहून ठेवतेय. व्याकरणाचे नियम पुस्तकात आहेत, ते इथे पुन्हा उतरवत नाही.

२३ जून

आज काहीच शिकवलं नाही. फळ्यावर मराठी वाक्यं लिहिली आणि पोरांकडून इंग्रजीत काय येतं ते वहीत टिपून घेतलं. विहिरीत पाणी आहे. गोठ्यात दोन बैल आहेत. डब्यात पैसे आहेत. वर्गात सर आहेत. पोत्यात गहू आहेत.

उत्तरं अशी आली : 'वेल इन वॉटर इज.' 'देअर आर टू बुलक.' 'देअर आर मनी इन बॉक्स.' 'देअर आर अ टीचर.' 'देअर आर व्हीट.'

शेवटच्या तीन वाक्यांवर रात्री बराच वेळ घालवला. या पोरांना नियम येत नाही असं नाही. 'एकाला इज, अनेकांना आर' हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी येतं, आणि त्यांनी ते इमानदारीने लावलंय. पैसे आहेत, सर आहेत, गहू आहेत. मराठीत तिन्ही ठिकाणी 'आहेत', म्हणून तिन्ही ठिकाणी 'आर'. तोच नियम आणखी घोकून घेतला तर हीच चूक आणखी पक्की होईल. पोरांची नजर मराठी क्रियापदावरून काढून इंग्रजी नामावर आणायची, हेच यंदाचं काम.

२६ जून

तालुक्याला जाऊन मोठा फ्लेक्स छापून आणला. ३५० रुपये. घरी येऊन उलगडला तर 'देअर'चं स्पेलिंग सगळीकडे टी-एच-ई-आय-आर, म्हणजे 'त्यांचा' या अर्थाचा देअर. छापणाऱ्याला कच्चा कागद बरोबर लिहून दिला होता, त्याने ऐकीव स्पेलिंग टाकलं. पैसे परत मिळाले नाहीत.

बरोबर छापला असता तरी उपयोग कमीच होता, हे दोन दिवस तो भिंतीवर लावल्यावर कळलं. फ्लेक्सवरचं वाक्य हलत नाही. या रचनेत पोरांना शब्द उचलून इकडचे तिकडे करता आले पाहिजेत. ज्यांना हे करायचंय त्यांनी छापील तक्त्याच्या वाटेला जाऊ नये.

२ जुलै

खिशांचा तक्ता. काळ्या मांजरपाटाचं दोन मीटर कापड १६० रुपये, गावातल्या शिवणकाम करणाऱ्या मावशींनी खिसे शिवून दिले त्याचे १०० रुपये. एका ओळीत चार खिसे, अशा तीन ओळी. खिसा एक वीत रुंद आणि चार बोटं खोल, म्हणजे कार्डाचा वरचा अर्धा भाग बाहेर दिसतो. पहिल्या खिशात देअर, दुसऱ्यात इज किंवा आर, तिसऱ्यात नाम, चौथ्यात जागा : इन द वेल, ऑन द रूफ, अंडर द ट्री.

कार्डांसाठी पांढऱ्या कार्डशीट आणल्या, वीस शीटचे २०० रुपये. जाड मार्कर ९० रुपयांचे. अक्षर एवढं मोठं काढायचं की शेवटच्या रांगेतून चष्म्याशिवाय वाचता यावं.

५ जुलै

रंग फसला. 'इज' पिवळ्या कार्डावर आणि एकवचनी नामं पिवळ्यावर, 'आर' हिरव्यावर आणि अनेकवचनी नामं हिरव्यावर अशी केली होती. पहिल्याच तासाला सगळी वाक्यं बरोबर यायला लागली. मला संशय आला, म्हणून कार्डं बाजूला ठेवून वहीत लिहायला सांगितलं. जुन्याच चुका जशाच्या तशा. पोरांनी शब्द वाचलेलेच नव्हते, रंगाला रंग लावला होता.

सगळी कार्डं पांढऱ्यावर पुन्हा लिहिली. रंग पूर्ण सोडला नाही, मागच्या बाजूला ठिपका दिलाय. आधी वाक्य लावायचं, मोठ्याने वाचायचं, मग कार्डं उलटी करायची. ठिपके जुळले तर बरोबर. पोरं स्वतःच तपासतात, मला उठावं लागत नाही.

९ जुलै

कार्डं टिकावीत म्हणून लॅमिनेशन केलं, २४० रुपये. ट्यूबलाइट बरोबर त्यावर चमकते, डाव्या बाजूच्या पोरींना अक्षरच दिसत नाही. काढताही येत नाही. ती कार्डं आता दिवसा वर्ग असेल तेव्हाच. साधी कार्डशीट पावसाळ्यातही ठीक राहतेय, फक्त कोपरे दुमडतात.

१४ जुलै

आज 'देअर' या शब्दावरच अडलं. पोरं त्याचा अर्थ 'तिथे' असा शिकलेली आहेत. तक्त्यावर 'देअर इज अ स्नेक हियर' लावलं तर मागून प्रश्न आला, "ताई, साप तर हितं हाय, मग देअर कामून?"

प्रश्न सोळा आणे खरा आहे. 'अर्थ विचारू नका, असंच असतं' हे उत्तर देऊन चालत नाही. अर्थ नसलेली गोष्ट पोरं परीक्षेपुरती धरतात आणि सोडून देतात.

एसटीचा दाखला दिला आणि तो चालला. स्टँडवर गाडी लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. रुमाल जागा धरतो, बसणारा मागून दाराने येतो. कंडक्टर तिकीट फाडतो ते बसणाऱ्याचं, रुमालाचं नाही. 'देअर' म्हणजे तो रुमाल. इंग्रजी वाक्यात क्रियापदाच्या आधीची जागा मोकळी सोडता येत नाही, ती देअर धरून ठेवतो. खरा धनी, म्हणजे साप किंवा पाणी किंवा बैल, क्रियापदाच्या मागून येतो. इज की आर, हे त्या धन्याकडे बघून ठरवायचं. धरलेल्या जागेचा 'तिथे'शी संबंध नाही, म्हणून शेवटी 'हियर' आला तरी वाक्य बिघडत नाही. शेवटी आणखी एक 'देअर' आला तरीही नाही : 'देअर आर टू चेअर्स देअर.' यातला पहिला रुमाल, दुसरा खरंच 'तिथे'.

मग तीन पोरांना 'विहिरीत', 'पाणी', 'आहे' अशी मराठी कार्डं देऊन रांगेत उभं केलं. रांग शेवटाकडून वाचली : आहे, पाणी, विहिरीत. इज, वॉटर, इन द वेल. चौथा पोरगा खरा रुमाल घेऊन सगळ्यांच्या पुढे. वाक्य तयार. 'विहिरीत' या एका कार्डातही तेच घडतं. मराठीत 'त' मागे लागतो, इंग्रजीत 'इन' पुढे येतो. 'वर' असेल तर 'ऑन', 'खाली' असेल तर 'अंडर', आणि तेही पुढेच. 'वेल इन वॉटर इज' हे वाक्य त्यानंतर फारसं ऐकू आलं नाही.

१५ जुलै

लाईट नव्हती. बॅटरीच्या उजेडात गोष्ट सांगितली आणि सोडून दिलं.

१९ जुलै

रुमाल सगळ्यांना एवढा आवडला की तो नको तिथेही पडायला लागला. 'देअर इज माय बुक ऑन द टेबल.' 'देअर इज माय मदर इन द किचन.' प्रत्येक 'आहे'ला देअर.

यावर मराठीतलाच फरक कामाला आला. 'विहिरीत पाणी आहे' आणि 'पाणी विहिरीत आहे' ही दोन वाक्यं पोरं घरी रोज बोलतात आणि कधीच गल्लत करत नाहीत. पहिलं 'विहिरीत काय आहे?' याचं उत्तर. दुसरं 'पाणी कुठं आहे?' याचं. पहिल्यात पाण्याची बातमी नवी आहे, दुसऱ्यात पाणी दोघांनाही माहीत आहे, फक्त ठिकाण सांगायचंय. 'काय आहे, कोण आहे' असं विचारता आलं तर देअर : 'देअर इज वॉटर इन द वेल.' 'कुठं आहे' असं विचारावं लागलं तर देअर नाही : 'द वॉटर इज इन द वेल.'

आता प्रत्येक मराठी वाक्याला पोरं आधी प्रश्न लावतात, मग तक्त्याकडे जातात. आई घरात आहे. प्रश्न काय? 'आई कुठं आहे?' मग देअर नको, 'माय मदर इज इन द हाउस.' मला वाटतं, सगळ्या साहित्यापेक्षा हा प्रश्न लावण्याचा सराव जास्त मोलाचा आहे. त्याला पैसाही लागत नाही.

'आहे'चं तिसरं काम याच तासाला निघालं. 'मला एक भाऊ आहे', 'आमच्याकडे दोन शेळ्या आहेत.' तिथे इज-आर काहीच नाही : 'आय हॅव अ ब्रदर', 'वी हॅव टू गोट्स.' मला, आमच्याकडे, तुझ्याजवळ असं माणसापाशी जाणारं काही दिसलं की तक्ता सोडायचा. यासाठी वेगळा तास घेतला नाही, पोरांनी लगेच धरलं.

२४ जुलै

'टू बुलक'चं मूळ मराठीत सापडलं. एक बैल, दोन बैल. एक दगड, दहा दगड. एक शाळा, दोन शाळा. नाम जसंच्या तसं, संख्या कळते ती क्रियापदावरून. वीट-विटा, म्हैस-म्हशी, घर-घरं अशी बदलणारी नामं पोरं इंग्रजीत बऱ्यापैकी सांभाळतात. न बदलणाऱ्या नामांना शेवटचा एस हमखास गळतो. वह्या चाळून बघितल्या, गळती याच शब्दांत जास्त.

उपाय : कपडे वाळत घालायचे प्लास्टिकचे चिमटे. दोन डझन ६० रुपये. प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने एस. 'आर' लावायचा असेल तर नामाच्या कार्डाच्या उजव्या कडेला चिमटा लावल्याशिवाय कार्ड खिशात घालायचं नाही. हाताला काहीतरी करायला मिळालं आणि एस लक्षात राहायला लागला. बॉक्स, बस, ग्लास यांच्यासाठी ई-एस लिहिलेले लाल चिमटे वेगळे.

चिमटा हाती आला की तो सगळीकडे बसतो. चाइल्ड्स, मॅन्स, वूमन्स. या शब्दांची कार्डं दोन्ही बाजूंनी लिहिली : पुढे चाइल्ड, मागे चिल्ड्रन. ही कार्डं कोपरा कापून ठेवलीत. कापलेला कोपरा म्हणजे चिमटा नाही, कार्ड उलटायचं. शीपचं कार्ड दोन्हीकडे शीपच आहे, ते पोरांना फार आवडतं.

३० जुलै

'देअर इज बुलक इन द शेड.' मधला 'अ' गायब. मराठीत 'गोठ्यात बैल आहे' म्हणताना 'एक' म्हणावं लागत नाही, म्हणून त्याची आठवणच होत नाही.

मावशींकडून नामाच्या आधी एक छोटा खिसा शिवून घेतला. कापडाचा तुकडा शिल्लक होता, पैसे घेतले नाहीत. त्या खिशात जाणारी कार्डं : अ, ॲन, सम, नो, आकडे, आणि एक कोरं. मोकळा खिसा काळा दिसतो, डोळ्यांना खुपतो, त्यामुळे काहीतरी घालावंच लागतं. काहीच नको असेल तर कोरं कार्ड घालायचं, म्हणजे विचार करून मोकळं सोडलं असं होतं. तोंडी सांगून जे इतके दिवस जमलं नव्हतं, ते या खिशाने केलं.

'नो'मुळे नकार सोपा झाला. 'देअर इज नो वॉटर', 'देअर आर नो बुलक्स'. नॉट आणि नो एकाच वाक्यात येऊ द्यायचे नाहीत, एवढं सांगितलं. प्रश्नाला तर काही लागलंच नाही, पहिल्या दोन खिशांतली कार्डं अदलाबदल केली की 'इज देअर'. फक्त उत्तर देताना 'येस, इट इज' येतं, ते 'येस, देअर इज' करून घ्यावं लागतं.

४ ऑगस्ट

आता गहू आणि पैसे. 'न मोजता येणारी नामं' हा शब्दप्रयोग पोरांना पटत नाही आणि त्यांचं बरोबर आहे. पैसे मोजत नाहीत तर काय करतात?

आधी गावातल्या शब्दांवरून गेले : मोजायचं की मापायचं? शेळ्या मोजतात, भाकरी मोजतात, ज्वारी मापतात. घरून शेर आणि मापटं आणलं. ज्वारी, तांदूळ, गहू, दूध, तेल, पाणी हे सगळं मापाचं, म्हणजे इज. मोजायचं ते आर. पाऊण तास सुरळीत चालला. मग एकीने कांदे काढले. कांदे तर किलोवर देतात, पण 'देअर आर अनियन्स' बरोबर कसं? आणि पैसे मापत नाहीत, तरी 'देअर इज मनी' कसं? मोजमापाची फोड इथे तुटली.

दोन दिवस त्यावरच विचार करून दुसरी कसोटी लावली, ती टिकली. ढिगातला एकच उचला. त्याचं इंग्रजी नाव तेच राहतं का? कांद्याच्या ढिगातला एक उचलला, अनियन. नाव तेच, म्हणून ढिगाला एस आणि आर. तांदळातला एक उचलला तर तो 'अ राइस' होत नाही, 'अ ग्रेन ऑफ राइस' होतो. नाव बदललं, म्हणून एस नाही आणि इज. पैशातला एक उचलला तर हातात नोट येते किंवा कॉइन. मनी राहिलंच नाही, म्हणून 'देअर इज मनी इन द बॉक्स', पण 'देअर आर नोट्स इन द बॉक्स', 'देअर आर कॉइन्स इन द बॉक्स'. फर्निचरमधलं एक उचललं तर खुर्ची. लगेजमधलं एक उचललं तर बॅग. दोन्हींना इज.

मग धान्याची यादी केली आणि वर्ग रंगला. मराठीत गहू आहेत, तांदूळ आहेत, पण ज्वारी आहे, तूर आहे. इंग्रजीत व्हीट, राइस, ज्वारी तिन्हींना इज. तूर मात्र उलटी : पिजन पीज, दाणा उचलला तर 'अ पिजन पी', म्हणून आर. मराठीचं 'आहे-आहेत' आणि इंग्रजीचं 'इज-आर' यांचं जुळतंच असं नाही, हे मी सांगण्यापेक्षा त्या यादीने जास्त चांगलं सांगितलं. पोत्यांत भरलं की प्रश्न मिटतो : 'देअर आर फोर सॅक्स ऑफ व्हीट.' तिथे मोजली जातात ती पोती.

या कसोटीत न बसणारे शब्द पाठच करायचे. पीपल, पोलीस, कॅटल : एस दिसत नाही, तरी आर. न्यूज : एस दिसतो, तरी इज. कात्री, पक्कड, चष्मा : मराठीत एकच वस्तू, इंग्रजीत सीझर्स, प्लायर्स, स्पेक्टेकल्स आणि आर. ही यादी भिंतीवर वेगळी लावली, ती लांबवायची नाही.

११ ऑगस्ट

'वर्गात सर आहेत.' याला मी मुद्दाम उशिरा हात लावला. पोरं 'देअर आर अ टीचर' लिहितात तेव्हा त्यात आदर असतो. त्यांना 'इज' लिहिणं उद्धटपणा वाटतो, एका मुलाने तसं बोलूनही दाखवलं : "सरांना इज म्हणायचं?" त्याला हसू द्यायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं.

आम्ही घरातली माणसं लिहून काढली. आई आहे, वडील आहेत. आजी आहे, आजोबा आहेत. ताई आहे, दादा आहे, मामा आहेत. काही घरांत आजी 'आहेत'. सगळी एकेकटीच माणसं. मराठी मान देते ती क्रियापद बदलून, आणि तोही घरागणिक वेगळा. इंग्रजीत मान क्रियापदात ठेवलेलाच नाही, तिथे राष्ट्रपती असोत की शेजारचं लेकरू, डोकं एक तर इज. मान द्यायचा तर नावाआधी मिस्टर, डॉक्टर, सर लावतात. हे कळल्यावर त्या मुलाची अडचण सुटली.

आता घोषणा अशी : डोकी मोजा. 'देअर इज अ टीचर इन द क्लासरूम.' आणि वडील शेतात आहेत, याला आधी प्रश्न लावा. 'वडील कुठं आहेत?' म्हणजे देअर नाहीच : 'माय फादर इज इन द फील्ड.' या एका वाक्यात पोरांच्या दोन्ही चुका असतात, म्हणून ते रोज एकदा विचारते.

२१ ऑगस्ट

उद्या पोळा. पोरांचं अर्धं लक्ष झुलीत आणि शिंगांच्या रंगात, तक्ता उघडण्यात अर्थ नव्हता. बैल धुवायला जाल तेव्हा ज्याच्या-त्याच्या गोठ्यात काय काय आहे ते इंग्रजीत लिहून आणा, एवढंच सांगितलं. उपयोगाची अडचण त्यातूनच मिळाली. एकाने लिहिलं : एक बैल आणि दोन गायी आहेत. इज की आर?

रोजच्या इंग्रजीत जवळचं नाम क्रियापद ओढून घेतं : 'देअर इज अ बुलक अँड टू काउज.' क्रम बदलला की 'देअर आर टू काउज अँड अ बुलक.' काही व्याकरणं पहिल्या वाक्यालाही आर मागतात, कारण एकूण जनावरं तीन. पोरांना हा वाद देऊन उपयोग नाही. परीक्षेत अनेकवचनी नाम आधी लिहा, म्हणजे आर दोन्ही बाजूंनी बरोबर ठरतो. त्यांनी गायी पुढे घेतल्या.

२८ ऑगस्ट

'देअर इज अ लॉट ऑफ स्टोन्स.' यात 'अ' दिसतो म्हणून इज लावला जातो. 'अ लॉट ऑफ'वर अंगठा ठेवायचा आणि पुढे काय उरतं ते बघायचं. स्टोन्स उरले, आर. डस्ट उरलं, इज. अंगठ्याची ही सवय हातोहात लागली.

१२ सप्टेंबर

भूतकाळ. १७ सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनासाठी आठवीच्या पोरांना चार ओळी इंग्रजीत बोलायच्या आहेत, तेच साहित्य घेतलं.

इथे पुस्तकी मराठीने गोंधळ घातला. 'विहिरीत पाणी होते' आणि 'गोठ्यात बैल होते', दोन्हीकडे 'होते'. पाणी नपुंसकलिंगी एकवचन, बैल पुल्लिंगी अनेकवचन, पण लिहिताना एकच रूप. म्हणून 'देअर वेअर वॉटर'. पोरांना वाक्य मोठ्याने, घरी बोलतात तसं म्हणायला लावलं : पाणी होतं, बैल होते. फरक कानाला लगेच लागतो. त्यानंतर ठरवायचं ते अर्थात इंग्रजी नामावरूनच, पण निदान मराठी रूपाने फसवणं थांबलं.

वाक्यं केली ती जिल्ह्यांची. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात आलं तेव्हा मराठवाड्यात पाच जिल्हे होते : औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी, उस्मानाबाद. मग १९८१ मध्ये जालना, १९८२ मध्ये लातूर आणि १९९९ मध्ये आमच्याच परभणीतून हिंगोली वेगळा झाला. 'देअर वेअर फाइव्ह डिस्ट्रिक्ट्स इन मराठवाडा. नाउ देअर आर एट.' दोन वाक्यांत वेअर आणि आर समोरासमोर आले. वेरूळचीही घेतली : 'देअर आर थर्टी-फोर केव्ह्ज ॲट वेरूळ', त्यात बौद्ध १२, हिंदू १७, जैन ५. बेरीज पोरांनीच केली.

एक नवा खड्डा मात्र सापडला. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं, ते पोरांनी मोठ्यांकडून ऐकलंय. वाक्य दिलं : डब्यांत पाणी होतं. बहुतेकांनी लिहिलं, 'देअर वेअर वॉटर इन द वॅगन्स.' शेवटच्या 'वॅगन्स'चा एस डोळ्यांत भरला. जागेच्या खिशातलं अनेकवचन क्रियापदाला हात लावत नाही. आता क्रियापद ठरेपर्यंत शेवटचा खिसा कापडाच्या पट्टीने झाकून ठेवतो. पट्टी टाचणीने अडकवलीय, उचलली की खाली जागा दिसते.

१८ सप्टेंबर

कालची भाषणं झाली. आठवीची मुलगी ओळी म्हणताना 'डिस्ट्रिक्ट्स'चा शेवटचा एस खाऊन गेली, वेअर मात्र बरोबर होतं. लेखी एस आला, बोलताना गळतो. चिमटा हातात असतो, तोंडात नसतो. यावर उच्चाराचं काम वेगळं करावं लागेल : कॅट्समध्ये स, डॉग्जमध्ये ज, बसेसमध्ये इज. ते दिवाळीनंतर.

२२ सप्टेंबर

शेजारच्या गावासाठी दुसरा संच करायला घेतला. वाया गेलेला खर्च : फ्लेक्स ३५०, लॅमिनेशन २४०, मिळून ५९० रुपये. कामाला आलेला खर्च : कापड १६०, शिवण १००, कार्डशीट २००, मार्कर ९०, चिमटे ६०, मिळून ६१० रुपये. म्हणजे दुसरा संच साधारण सहाशेत बसायला हवा. लहान खिसा सुरुवातीलाच शिवून घ्यायचा, नंतर लावलेला थोडा वाकडा बसतो आणि कार्ड सरकतं.

कार्डं एकदम सगळी देऊ नका, असं तिकडच्या ताईंना कळवलंय. आधी बैल, दगड, साप, झाड अशी एक उचलता येणारी नामं. त्यावर हात बसला की पाणी, दूध, गहू. मग पैसे. सर आणि वडील सगळ्यांत शेवटी. आणि पहिला आठवडा तक्ता न टांगता नुसता 'काय आहे की कुठं आहे' हा प्रश्न लावून घ्या. आमच्याकडे तो जुलैच्या मध्यावर आला, त्यामुळे तोवर लावलेली बरीच वाक्यं पुन्हा करावी लागली.

अडलेलं अजून एक आहे : केस. 'डोक्यावर केस आहेत' याला 'देअर इज हेअर', पण भाकरीत केस निघाला तर 'देअर इज अ हेअर'. इथे एक उचलला तरी नाव तेच राहतं आणि कसोटी हुकते. सध्या 'हेअर'चं कार्ड पाठ करायच्या यादीत टाकलंय.